दोघांसाठी हलका तंबू निवडताना: आधी जमीन, मग माणसं, वजन शेवटी

तंबू घेताना बहुतेकजण पहिला प्रश्न वजनाचा विचारतात आणि दुसरा किमतीचा. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, फक्त त्यांची वेळ चुकते. सव्वा किलोचा देखणा तंबू घेऊन हरिश्चंद्रगडावर पोहोचायचं आणि कोकणकड्यामागच्या कातळावर कळायचं की हा तंबू पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) ठोकल्याशिवाय उभाच राहत नाही. किंवा 'टू पर्सन' वाचून घ्यायचा आणि दोघांपैकी एकाचा खांदा रात्रभर ओल्या कापडाला टेकलेला राहायचा. या दोन तक्रारी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की निवडीचा क्रमच नीट लिहून काढावा असं वाटलं.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. प्रत्येक टप्प्यावर काही तंबू यादीतून गळतील. उरलेल्यांत मग वजन बघा. हे सगळं पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्यांसाठी आहे. गाडीतून नेऊन धरणाकाठी लावायच्या तंबूचा हिशोब वेगळा असतो.

१. कुठे आणि कधी लावणार, ते कागदावर लिहा

पुढच्या वर्षा-दोन वर्षांत खरोखर होणार असलेले ट्रेक लिहा, स्वप्नातले नकोत. लडाखला 'कधीतरी' जायचं म्हणून बर्फातला जाड तंबू घेऊन तो वर्षानुवर्षं राजमाची-रतनगडावर वाहणारे कमी नाहीत.

सह्याद्रीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी, रात्रीचा वारा आणि भरपूर दव. मार्च ते मे उकाडा, त्यामुळे जाळीचा तंबू हवासा वाटतो. पण याच महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो आणि पावसाआधी वारा सुटतो. त्यात सैल बांधलेला तंबू सरळ उचलला जातो. हिमालयात मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बर्फरेषेच्या खाली राहणार असाल, तर 'थ्री सीझन', म्हणजे बर्फाळ हिवाळा सोडून इतर ऋतूंचा, म्हणून विकला जाणारा चांगला तंबू पुरतो. बर्फावरच मुक्काम असेल तर तो प्रकारच वेगळा आणि हा लेख त्यासाठी नाही.

राहिला भर पावसाळा. माझं स्पष्ट मत आहे की जुलैत घाटमाथ्यावर हलका तंबू नेऊच नये. आंबोली, ताम्हिणी, घाटघर या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. अशा दिवसांत पायथ्याच्या गावात कुणाच्या पडवीत मुक्काम करा, गावालाही चार पैसे मिळतात.

*तपासा:* त्या जागी मुक्कामाला परवानगी आहे का? हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई अभयारण्यात येतात, अनेक किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. नियम बदलत असतात, म्हणून वन खात्याकडे किंवा पायथ्याच्या गावात आधी विचारा.

२. जमीन बघून बांधणीचा प्रकार ठरवा

सह्याद्रीतल्या ट्रेकरसाठी माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. परदेशी परीक्षणं वाचून तंबू निवडला की ती मंडळी मऊ मातीत, गवतात झोपतात हे लक्षात राहत नाही. आपल्याकडे गडमाथ्यावर बसाल्टचा कातळ, कोकणात जांभ्याचा सडा. बऱ्याच ठिकाणी वर चार बोटं माती आणि खाली दगड.

हलक्या तंबूंचे तीन प्रकार असतात.

पहिला, स्वतःच्या पायावर उभा राहणारा. पोल घातले की पेगशिवायही सांगाडा उभा होतो, आणि उचलून दोन पावलं सरकवताही येतो. दुसरा, अर्धा उभा राहणारा. यात पोलला एका टोकाला फाटा असतो. डोक्याकडची बाजू आपोआप ताणली जाते, पायाकडचे दोन कोपरे मात्र पेगने ओढावे लागतात. तिसरा, पूर्णपणे पेगवर अवलंबून असणारा. ट्रेकिंग स्टिकवर उभे राहणारे आणि बोगद्याच्या आकाराचे तंबू यात येतात. सगळ्यात हलके तंबू या तिसऱ्या गटात सापडतात, मोह पडतो तो इथेच.

मुख्यतः सह्याद्रीत फिरणार असाल तर पहिला प्रकार घ्या. दुसराही चालेल, पण दगडाने ताण द्यायची सवय हवी. तिसरा प्रकार, ज्याने तो मऊ जमिनीवर बऱ्याचदा लावला आहे त्यानेच कातळावर न्यावा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. स्वतः उभा राहणारा तंबूसुद्धा वाऱ्यात बांधावाच लागतो. शिवाय फ्लायची, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या जलरोधक कापडाची, पुढची बाजू, जिथे बूट ठेवतो ती, बहुतेक तंबूंत पेगनेच ताणली जाते. कातळावर हे काम दगडांनी असं होतं:

तंबूच्या प्रत्येक टोकाला दीडेक मीटर जादा दोरी बांधा, दोन मिलिमीटर जाडीची पुरते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मोठा फास करा आणि त्यात वीतभर लांब दगड आडवा अडकवा. हा दगड तंबूपासून लांब, जमिनीवर ठेवा. आता तंबू आणि हा छोटा दगड यांच्या मधे, दोरीच्या वरून, छोट्या दगडाला चिकटून एक जड दगड ठेवा. दोरी ओढली गेली की छोटा दगड मोठ्याला येऊन अडतो आणि जितकी ओढ वाढेल तितका घट्ट बसतो. ताण कमी-जास्त करायचा तर छोटा दगडच मागेपुढे सरकवायचा. दोरी थेट मोठ्या दगडाला गुंडाळली तर ती धारेवर घासून तुटते किंवा निसटते, म्हणून ही दोन दगडांची पद्धत.

*सावधान:* दगडाखाली थेट हात घालू नका. आधी काठीने किंवा बुटाने तो हलवा. खाली विंचू असू शकतो, कोकणात आणि घाटात फुरसंही. याच कारणासाठी बिनतळाचे ताडपत्रीसारखे तंबू मला आपल्याकडे पटत नाहीत. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारी आतली खोली हवीच.

*सावधान:* तटबंदीचा, जोत्याचा, समाधीचा दगड कधीही उचलू नका. सुटा पडलेला दिसला तरी तो वास्तूचा भाग असतो. असे दगड सोडून दुसरे मिळत नसतील तर तिथे तंबू लावायचा नाही, एवढं साधं आहे.

३. माणसं मोजा, फरशीवर

'दोन माणसांचा' याचा अर्थ दोन अरुंद मॅट शेजारी शेजारी मावतात, इतकाच. घरी फरशीवर खडूने तंबूच्या तळाचा आराखडा काढा. बाजारातले दोघांचे हलके तंबू साधारण १३० सेंटिमीटर रुंद आणि २१५ सेंटिमीटर लांब असतात. पायाकडे बरेच निमुळते होतात, कधीकधी ११० सेंटिमीटरपर्यंत. तो निमुळता आकारही तसाच काढा.

आता त्यात तुमच्या स्वतःच्या मॅट टाका. नेहमीच्या मॅटची रुंदी ५१ सेंटिमीटर, दोन मिळून १०२. डोक्याकडे वीतभर जागा उरते, तिथे पाण्याची बाटली, हेडटॉर्च आणि जॅकेट बसेल. रुंद मॅट ६४ सेंटिमीटरची असते. दोन रुंद मॅट म्हणजे १२८, सगळा तळ भरला, आणि पायाकडे त्या एकमेकींवर चढणार. दोघेही रुंद मॅटवरच झोपणार असाल तर तिघांचा तंबू बघावा लागेल, हे आत्ताच कळलेलं बरं.

मग दोघं स्लीपिंग बॅगमध्ये शिरून झोपा. ही पायरी टाळू नका. तंबूच्या भिंती तिरक्या असतात, त्यामुळे लांबीचे डोक्याकडचे आणि पायाकडचे दहा-पंधरा सेंटिमीटर खरे वापरात येत नाहीत. उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर २१५ सेंटिमीटरच्या तळात बॅगचं टोक कापडाला लागतं आणि पहाटे ते ओलं होतं.

बसायची उंचीही मोजा. मॅटवर मांडी घालून बसा आणि फरशीपासून डोक्यापर्यंत टेप लावा. आकडा ९० सेंटिमीटरच्या आसपास येईल. तंबूची उंची १०० ते १०५ लिहिलेली असते, पण ती एका बिंदूची. दोघं एकाच वेळी बसू शकतात की एकाने बसल्यावर दुसऱ्याने आडवं व्हायचं, हे पोल डोक्यावरून कसा जातो त्यावर ठरतं. माथ्यावर आडवा छोटा पोल असलेल्या तंबूत भिंती उभ्या राहतात आणि दोघांना बसता येतं.

सॅक आत मावणार नाहीत. त्या दाराबाहेरच्या, फ्लायखालच्या पडवीत राहतील. ती किमान ६० सेंटिमीटर खोल हवी.

*तपासा:* दारं किती? दोघांसाठी दोन दारं घ्या. वजन थोडं वाढतं, पण रात्री उठणाऱ्याला जोडीदाराच्या अंगावरून जावं लागत नाही, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचं एक दार नेहमी मोकळं मिळतं.

*सावधान:* पडवी दिसली की तिथे स्टोव्ह पेटवायचा मोह होतो. बंद तंबूत किंवा बंद पडवीत स्टोव्ह पेटवू नका, शेगडी-निखारे आत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आणि पातळ नायलॉनला आग लागली तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

४. ओल कुठून येते ते समजून भिंती निवडा

सकाळी आतून ओला झालेला तंबू 'गळतो' म्हणून परत केला जातो. बहुतेक वेळा तो गळलेला नसतो. दोघांच्या श्वासातली वाफ थंड फ्लायवर जमते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हे हमखास होतं.

दुहेरी भिंतीच्या तंबूत ही ओल बाहेरच्या फ्लायवर राहते आणि आतली जाळी तुम्हाला तिच्यापासून लांब ठेवते. एकेरी भिंतीचा तंबू हलका असतो, पण त्यात पाणी थेट तुमच्या बॅगशेजारी जमतं. पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाली की तिची ऊब जाते. दमट हवेच्या आपल्या भागात दुहेरी भिंतच घ्या.

बघायच्या गोष्टी: माथ्याजवळ उघडणारी हवेची खिडकी आहे का, फ्लायची खालची कड जमिनीपासून चार बोटं वर राहते का, आणि पायाकडे फ्लाय आणि इनर (आतली खोली) यांच्यात पंजा आडवा जाईल एवढी फट उरते का. पायाकडची ही फट स्वस्त तंबूंत हमखास कमी असते.

इनर पूर्ण जाळीचा असेल तर सह्याद्रीत छान, पण हिमालयात गार वारा आणि धूळ आत येते. दोन्हीकडे जाणाऱ्यांनी खालचा अर्धा भाग कापडाचा असलेला इनर घ्यावा.

पावसात आधी फ्लाय उभी करून मग आत इनर अडकवता येतो का, हेही विचारा. बऱ्याच तंबूंत इनर आधी लावावा लागतो आणि तेवढ्या वेळात तळाशी पाणी साचतं.

५. कापडाचे आकडे वाचा

दोनच आकडे कामाचे. डेनियर, म्हणजे धाग्याची जाडी: २०डी पातळ, ४०डी मध्यम, ७०डी जाड. आणि पाण्याचा दाब: कापडावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर थेंब झिरपतो.

फ्लायला १५०० मिलिमीटर पुरतात, २००० असेल तर निश्चिंत. तळाला जास्त हवा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा किंवा कोपर टेकला की तिथे दाब खूप वाढतो. तिथे ३००० बघा. पाच-आठ हजारांच्या आकड्यांना भुलू नका. तो आकडा नव्या कापडाचा असतो आणि कापड किती टिकेल हे त्यावरून कळत नाही.

तळाच्या जाडीवर मी अडून बसतो. पावसाळा संपल्यावर सह्याद्रीत कुसळी गवत वाळतं आणि त्याची कुसळं पातळ कापडातून आरपार जातात. करवंदीचे काटे वेगळेच. तळ २०डी असेल तर खाली जादा तळपट (तळाखाली घालायचं वेगळं अंथरण) हवंच. ४०डी असेल तर सांभाळून वापरल्यास त्याशिवाय चालतं.

नायलॉन मजबूत असतं, पण भिजल्यावर सैल पडतं. रात्री पाऊस आला तर एकदा उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिस्टर कमी सैल पडतं आणि उन्हातही जास्त टिकतं. डायनीमाचं कापड सगळ्यात हलकं आणि भिजून न ताणणारं, पण महाग, आणि काट्याकुट्यांत भोकं पडण्याची भीती जास्त. पहिल्या तंबूला ते नको.

*तपासा:* शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का? दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडाला पट्टी चिकटत नाही. अशा तंबूच्या शिवणी वापरण्याआधी स्वतः सीलंटने भराव्या लागतात. विकणारा हे दर वेळी सांगतोच असं नाही.

६. पोल, पेग, चेन

पोल ॲल्युमिनियमचेच घ्या. फायबरग्लासचे पोल जड असतात आणि तुटले की चिरफळ्या होऊन कापड फाडतात. ॲल्युमिनियम वाकतं, पण वाकल्या जागी नळीचा तुकडा सरकवून रात्र काढता येते. तो दुरुस्तीचा तुकडा पिशवीत आहे का बघा.

घडी केलेल्या पोलची लांबी विचारा. ४५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर सॅकमध्ये आत जातो. त्याहून फार लांब पोल बाहेर बांधावा लागतो, मग लोकलच्या गर्दीत आणि करवंदीच्या जाळीत अडकतो. विमानाने जाणार असाल तर पोल-पेग चेक-इनच्या सामानात टाका.

सोबत येणारे तारेचे पेग वाकतात. चार-सहा चांगले, वाय आकाराचे ॲल्युमिनियमचे पेग वेगळे घ्या. चेन एका हाताने, कापड न अडकता फिरली पाहिजे. जी दुकानात अडकते ती अंधारात जास्त अडकेल.

७. आता वजन

जाहिरातीत दिसतं ते बहुधा कमीत कमी वजन: इनर, फ्लाय आणि पोल, बस्स. पेग, दोऱ्या, पिशव्या धरून येतं ते पूर्ण वजन. उदाहरणार्थ एमएसआर कंपनीच्या हब्बा हब्बा एनएक्स या दोघांच्या तंबूत हे दोन आकडे साधारण १.५४ आणि १.७२ किलो होते. त्यावर तळपट आणि जादा दोऱ्या. दोन तंबूंची तुलना करताना एकाचं कमीत कमी आणि दुसऱ्याचं पूर्ण वजन शेजारी ठेवणं ही नेहमीची चूक. घरी आणल्यावर काट्यावर स्वतः मोजा.

पूर्ण वजन दीड किलोच्या आत असेल तर तो अतिहलका. किंमत वर आणि टिकाऊपणा खाली जातो. दीड ते सव्वादोन किलो हा कामाचा पट्टा. अडीच किलोच्या वर गेला तर तो पाठीवर वाहायचा तंबू म्हणता येणार नाही.

सह्याद्रीसाठी मी दोन किलोच्या आसपासचा, स्वतः उभा राहणारा, दुहेरी भिंतीचा, ॲल्युमिनियम पोलचा तंबू सुचवेन. दीड किलोच्या तंबूशी तुलना केली तर फरक अर्ध्या किलोचा, दोघांत वाटला की पाव किलो. उन्हाळ्यात गडावर जाताना आपण प्रत्येकी तीन-चार लिटर पाणी वाहतो. तिथे पाव किलोसाठी कातळावर उभा न राहणारा तंबू घेण्यात अर्थ नाही.

वाटणी अशी करा: फ्लाय आणि इनर एकाकडे, पोल, पेग, तळपट आणि स्टोव्ह दुसऱ्याकडे. पण मग वाटेत एकमेकांना सोडू नका. एकटा आधी पोहोचला तर त्याच्याकडे अर्धाच तंबू असतो.

८. आधी भाड्याने, मग विकत

पुण्या-मुंबईत तंबू भाड्याने मिळतात. यादीत उरलेल्या प्रकाराचा तंबू एका शनिवार-रविवारसाठी आणा. मॉडेल तेच नसलं तरी चालेल, बांधणी तीच हवी.

मोठ्या दुकानात तंबू उभे करून ठेवलेले असतात. जोडीदाराला घेऊन जा, बूट काढा आणि दोघं आत झोपा. संकोच करू नका, त्यासाठीच ते उभे केलेले असतात. एकाने कूस बदलावी, दुसऱ्याने उठून दाराबाहेर जावं. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत आधी बघा आणि पुढची चाचणी त्या मुदतीतच उरका. मातीत लावलेला तंबू सहसा परत घेत नाहीत.

९. गच्चीवरची चाचणी

इमारतीची गच्ची या कामाला उत्तम, कारण तिथेही पेग जात नाही. झाडून घ्या, खाली चादर अंथरा. पेगच्या जागी पाण्याने भरलेल्या बादल्या किंवा विटा वापरा.

पहिल्यांदा सूचना वाचून सावकाश लावा. दुसऱ्यांदा न वाचता. तिसऱ्यांदा अंधारात, हेडटॉर्चवर. दोघांना मिळून दहा मिनिटांत जमलं पाहिजे. मग आत शिवणींखाली आणि कोपऱ्यांत टिश्यू पेपर ठेवा आणि झारीने किंवा पाइपने अर्धा तास पाणी घाला. टिश्यू जिथे ओला होईल ती शिवण खडूने खुणावून ठेवा. एखादी जागा सीलंटने भरता येते. चार-पाच ठिकाणी गळत असेल तर तंबू परत करा.

तळपट असेल तर तेही आत्ताच बघा. ते तळापेक्षा सगळीकडून पाच सेंटिमीटर लहान असलं पाहिजे. कडा बाहेर राहिली तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडून थेट तंबूखाली येतं. विकतचं घ्यायची गरज नाही, जाड प्लॅस्टिक मापाने कापलं तरी काम होतं.

चाचणी झाल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवा. त्याच्या छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कापडावरचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) जलरोधक थर हळूहळू विघटित होतो. म्हणून पावसाळ्यात मधेच एखाद्या कोरड्या दिवशी तो पसरून ठेवा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या ट्रेकच्या आठवडाभर आधी उघडून बोट फिरवा. फ्लाय आतून चिकट लागली आणि आंबूस, उग्र वास आला तर तो थर गेला. तो धुऊन परत येत नाही. त्या फ्लायवर विसंबून डोंगरात जाऊ नका, नवी फ्लाय मागवा.